ऑक्सिडायझर सांडल्याची वर्दी आली तर काय करायचं: अग्निशमन दलातल्या नवीन जवानांसाठी

पेट्रोल सांडलंय म्हटलं की नवीन पोरगाही आपोआप लांब थांबतो, वास येतो, भीती वाटते, कोणी शिकवावं लागत नाही. ऑक्सिडायझरचं तसं नाही. जमिनीवर पांढरी पावडर पडलेली असते नाहीतर पाण्यासारखं काहीतरी पसरलेलं असतं, धूर नाही, आग नाही, आणि गोदामवाला सांगत असतो की साहेब हे जळत नाही, बघा पाटीवर ज्वलनशील असं कुठे लिहिलेलंच नाही. तो खोटं बोलत नसतो. बहुतेक ऑक्सिडायझर स्वतः जळतच नाहीत, शेजारी जे असेल त्याला जाळतात. लाकूड, कागद, गोणपाट, तेल, ग्रीस, डिझेल, अंगावरचे सुती कपडे, चामड्याचे बूट, काहीही चालतं त्यांना.

हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो आणि आपण रोज बघतो त्या सगळ्या आगी तेवढ्यावरच चालतात. ऑक्सिडायझरच्या ढिगात मात्र ऑक्सिजन त्या पदार्थातच बांधलेला असतो, त्यामुळे तिथली आग जास्त गरम असते, भराभर वाढते आणि हवा बंद केली तरी चालू राहते. म्हणून अशा वर्दीवर पोचल्यापासून परत निघेपर्यंत डोक्यात एकच प्रश्न ठेवायचा: याच्या जवळ काय आहे, आणि मी याच्या जवळ काय घेऊन चाललोय. यातला दुसरा भाग नवीन माणूस हमखास विसरतो.

नेहमी भेटणारी मंडळी सांगून ठेवतो. अमोनियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट (खतं), सोडियम क्लोरेट, पोटॅशियम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्विमिंग पूलमध्ये टाकतात ते कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड) गोळ्या, क्रोमियम ट्रायऑक्साइड, कडक नायट्रिक अ‍ॅसिड, परक्लोरिक अ‍ॅसिड. सगळे एका पाटीखाली येतात पण स्वभाव वेगवेगळे, एकाला जे चालतं ते दुसऱ्याला चालत नाही, हे पुढे येईलच.

ट्रेनिंगमध्ये एक प्रयोग दाखवतात तो बघायची संधी मिळाली तर सोडू नका (घरी करू नका, उगाच). परमँगनेटचा बारीक चुरा थोडासा, वर छोटा खळगा, त्यात ग्लिसरीनचे काही थेंब. टाकल्यावर काहीच होत नाही. बघणारे एकमेकांकडे बघायला लागतात, कोणीतरी म्हणतं फेल गेलं वाटतं, आणि तेवढ्यात खळग्यातून धुराची बारीक रेघ निघते, चुरा सुरसुरतो आणि भप्पकन जांभळट ज्वाळा उठते. काडी नाही, ठिणगी नाही. ते मधले काही सेकंद लक्षात ठेवा, कारण स्पॉटवर माणूस तिथेच फसतो, चुकीचं काहीतरी टाकलं आणि लगेच काही झालं नाही म्हणून सगळे निर्धास्त. पूलच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटवर ब्रेक ऑइल पडलं तरी असंच होतं, थोडा वेळ शांत आणि मग एकदम आग.

पहिली पायरी: लांबूनच ओळख पटवा

वर्दी घेतानाच कंट्रोल रूमला विचारायला सांगा, पदार्थाचं नाव काय, पावडर आहे की लिक्विड, किती किलो किंवा किती लिटर, टक्केवारी किती, गाडीतून सांडलंय की गोदामात, शेजारी काय ठेवलंय, आणि कोणी त्यावर आधीच काही टाकलंय का. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो, कारण आपण पोचायच्या आधी तिथल्या कामगारांनी बहुतेक वेळा लाकडाचा भुसा टाकलेला असतो.

पोचल्यावर दुर्बिणीतून पाटी वाचायची, चालत जवळ जाऊन नाही. टोकावर उभा केलेला पिवळा चौकोन, त्यात गोलावर ज्वाळा आणि खाली ५.१ लिहिलेलं, हा ऑक्सिडायझर. वरचा अर्धा लाल आणि खालचा पिवळा, खाली ५.२, तर तो ऑरगॅनिक पेरॉक्साइड, त्याची तऱ्हाच वेगळी आहे, तो स्वतः जळतो, उष्णतेने फुटू शकतो, काही तर थंड ठेवले नाहीत तर आपले आपण बिघडतात, त्यामुळे या लेखातलं सगळंच्या सगळं त्याला लावू नका. इमारतीवर चार रंगांचा चौकोन असेल तर खालच्या पांढऱ्या भागात ओएक्स अक्षरं दिसतात का बघा. कडक नायट्रिक अ‍ॅसिडच्या टँकरवर मुख्य पाटी अ‍ॅसिडची म्हणजे ८ नंबरची असते आणि ५.१ ची पाटी सोबतीला, तिच्याकडे दुर्लक्ष झालं की माणूस नुसतं अ‍ॅसिड समजून कामाला लागतो.

चार आकडी यूएन नंबर (धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांचा असतो तो) मिळाला तर अर्धं काम झालं. अमोनियम नायट्रेट १९४२, खत म्हणून असेल तर २०६७, परमँगनेट १४९०, सोडियम क्लोरेट १४९५, टीसीसीए २४६८. हायड्रोजन पेरॉक्साइडला तर नंबरच टक्केवारी सांगतो, २९८४ म्हणजे ८ ते २० टक्के, २०१४ म्हणजे २० ते ६०, आणि २०१५ म्हणजे ६० च्या वर. हा २०१५ दिसला की अंतर वाढवायचं आणि वरिष्ठांना कळवायचं. ईआरजी, म्हणजे इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक, गाडीत असतंच (नसेल तर मोबाइलमध्ये टाकून घ्या, फुकट आहे), त्यात ऑक्सिडायझरची पानं गाइड १४० ते १४४. बहुतेक नेहमीचे १४० मध्ये येतात, १४१ आणि १४२ विषारी, १४३ अस्थिर, आणि १४४ पाण्याशी भांडणारे. सेफ्टी डेटा शीट हाताला लागली तर सगळी सोळा कलमं वाचत बसू नका, ५, ६ आणि १० वाचा: आग, सांडणं, आणि कशाशी पटत नाही ते.

काही देशांत टँकरवर हॅझकेमची पाटी असते, तिथला पहिला आकडा कशाने विझवायचं ते सांगतो, १ जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फोम, ४ कोरडं माध्यम. शेवटी ई अक्षर असेल तर लोकांना हलवायचा विचार करा.

दुसरी पायरी: थांबायचं कुठे

वाऱ्याच्या पाठीकडून आणि चढाच्या बाजूने यायचं, हे सगळ्याच केमिकलला लागू आहे. अंतरं ईआरजीची सांगतो: आग नसेल आणि पावडर सांडली असेल तर चारही बाजूंनी किमान २५ मीटर, लिक्विड असेल तर ५० मीटर, मोठा सांडा असेल तर वाऱ्याच्या दिशेला निदान १०० मीटर लोकं हलवायचा विचार. टँक, रेल्वेची वाघिण किंवा टँकर आगीत सापडला असेल तर ८०० मीटर. आणि त्यात अमोनियम नायट्रेट असेल तर १६०० मीटर, म्हणजे दीड किलोमीटरहून जास्त, आणि हा आकडा ऐकून ज्याला हसू येतं त्याने टेक्सास सिटीबद्दल वाचावं, खाली लिहिलंच आहे.

बंब आत घालायचा नाही. बंबाला डिझेल आहे, इंजिन ऑइल आहे, गरम सायलेन्सर आहे, रबरी टायर आहेत, ऑक्सिडायझरला जे जे आवडतं ते सगळं एका गाडीत. सांडलेल्या पावडरवरून टायर गेला की ती पावडर टायरच्या खाचांत बसून स्टेशनपर्यंत सोबत येते ते वेगळंच. ट्रकचा अपघात असेल तर सगळ्यात आधी बघायचं की डिझेलची टाकी फुटलीय का आणि डिझेल कुठे वाहतंय. अमोनियम नायट्रेट ९४ भाग आणि डिझेल साधारण ६ भाग हे मिश्रण खाणीत स्फोटक म्हणून वापरतात, मुद्दाम बनवून. रस्त्यावर ते आपोआप बनू द्यायचं नाही, डिझेल लांबवरच बांध घालून अडवायचं.

तिसरी पायरी: अंगावर काय

बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचा) लावल्याशिवाय जायचं नाही, हे झालं. बाकी इथे एक अडचण आहे ती खरी आहे आणि तिच्यावर सोपं उत्तर नाही. फायर सूट उष्णतेपासून वाचवतो पण केमिकल शोषून घेतो, केमिकल सूट केमिकल अडवतो पण आगीचा भपका आला तर तो वितळतो. म्हणून कोणता घालायचा हे त्या पदार्थावर आणि आग लागायची शक्यता किती त्यावर ठरतं आणि ते हॅझमॅट टीमच्या (धोकादायक केमिकल हाताळणारी टीम) अधिकाऱ्याने ठरवायचं, तुम्ही नाही. तुम्ही एवढं बघा की अंगावर चामडं नको. चामड्याचे हातमोजे, चामड्याचे बूट कडक पेरॉक्साइडने भिजले तर पेट घेऊ शकतात. रबरी गमबूट, केमिकलचे हातमोजे, आणि त्यांच्यावर आधीच्या कामाचं ग्रीस नाही ना ते तपासून घ्या.

मीटरबद्दल: ज्वलनशील वायूचा मीटर शून्य दाखवेल आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. तो मीटर ऑक्सिडायझर पकडत नाही. ऑक्सिजनचा मीटर बघा, २३.५ टक्क्यांच्या वर गेला तर तिथे ऑक्सिजन जास्त झालाय, मागे फिरा. हॅझमॅटवाल्यांकडे पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चची पट्टी असते, ऑक्सिडायझर लागला की निळी-काळी पडते. पीएच पट्टीचा रंग येऊन लगेच उडाला, म्हणजे पट्टी पांढरी झाली, तर तेही ऑक्सिडायझर असल्याचं लक्षण समजायचं.

चौथी पायरी: सांडलेलं गोळा करणं, आणि इथेच सगळी गडबड होते

सगळ्यात आधी आजूबाजूचं हलवायचं. पॅलेट, खोके, पोती, चिंध्या, तेलाचे डबे, जे सांडलेल्या मालाला अजून लागलेलं नाही ते लांब. लागलेलं असेल तर ते ऑक्सिडायझरच समजायचं आणि तसंच वागवायचं.

मग भुसा. भुसा, कागद, पोती, कॉटन वेस्ट, चिंध्या, कोंडा, पालापाचोळा असलेली माती, यातलं काहीही टाकायचं नाही, आणि तेल शोषायचे ते पांढरे पॅड असतात ते पण नाही, ते प्लास्टिकचेच असतात. तेलाच्या सांड्यावर भुसा टाकून टाकून हात इतका सरावलेला असतो की डोकं वापरायच्या आधीच पोतं उघडलं जातं. क्लोरेटवर भुसा म्हणजे तुम्ही जवळजवळ फटाक्याची दारूच बनवली, आता ती घासली गेली तरी पेटेल. आधीच कोणी भुसा टाकलेला असेल तर झाडू मारून गोळा करायला जाऊ नका, लोकांना मागे घ्या आणि हॅझमॅटला सांगा. अशा मिश्रणाला भरपूर पाण्याने ओलं करून मग हलवायचं की कसं, हे पदार्थ बघून ते सांगतील.

शोषायला चालतं काय तर स्वच्छ कोरडी वाळू, व्हर्मिक्युलाइट, असलं न जळणारं. वाळू स्वच्छ म्हणजे खरंच स्वच्छ, गॅरेजच्या कोपऱ्यातली तेल पडलेली वाळू म्हणजे पुन्हा तेच. फावडं नवीन किंवा घासून धुऊन कोरडं केलेलं, प्लास्टिकचं असेल तर उत्तम. स्टेशनच्या फावड्याला काय काय लागलेलं असतं ते तुम्हाला माहितीये, गंज, डांबर, ग्रीस. मला विचाराल तर केमिकलच्या कामाचं फावडं, बादली आणि झाकण वेगळं पिशवीत बांधून ठेवावं आणि त्याला दुसऱ्या कोणत्याही कामाला हात लावू देऊ नये, यावरून स्टेशनमध्ये वाद झाले तरी चालतील.

पावडर थोडी असेल तर धूळ न उडवता हळू उचलायची, स्वच्छ कोरड्या डब्यात भरायची आणि झाकण नुसतं टेकवून ठेवायचं, घट्ट लावायचं नाही. पदार्थ आतल्या आत बिघडायला लागला तर वायू तयार होतो आणि घट्ट झाकणाचा डबा फुटतो. जे उचललं ते मूळच्या ड्रममध्ये परत टाकायचं नाही, मालक कितीही म्हणाला की साहेब वरचं वरचं चांगलं आहे तरी. त्यात जमिनीवरचा कचरा मिसळलेला असतो आणि सांडलेल्या दोन किलोसाठी तुम्ही पन्नास किलोचा ड्रम खराब करता. दोन वेगवेगळे पदार्थ सांडले असतील तर डबे वेगळे, फावडी पण वेगळी. दोन्ही पूलचंच क्लोरीन आहे म्हणून कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि टीसीसीए एका बादलीत टाकणारे लोक आहेत, ओलसरपणा असेल तर त्यातून आग किंवा स्फोट होऊ शकतो.

लिक्विड असेल तर पुढे जाऊन, वाहत येतंय त्याच्या बरंच आधी, वाळूचा बांध घालायचा आणि गटाराची तोंडं बंद करायची. गटारात तेल, मळ, पाला, प्लास्टिक सगळं असतं. नायट्रिक अ‍ॅसिड असेल आणि ते धातूवर किंवा लाकडावर जाऊन तपकिरी वाफ निघायला लागली तर बीए सेट नसलेला एकही माणूस त्या बाजूला नको. स्वतःच्या अकलेने न्यूट्रल करायला जायचं नाही, हायपोक्लोराइटवर अ‍ॅसिड टाकलं की क्लोरीन वायू निघतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा ड्रम

याच्यावर थोडं जास्त लिहितो कारण हा सगळीकडे सापडतो आणि पाण्यासारखा दिसतो. ३० टक्क्यांचं एक लिटर पेरॉक्साइड पूर्ण विघटन झालं तर त्यातून सुमारे १०० लिटर ऑक्सिजन निघतो आणि उष्णता निघते ती वेगळी. हे विघटन सुरू करायला गंज, तांबं, लोखंडाचा कीस, साधी माती एवढंसं काहीतरी पुरतं. म्हणून याच्या ड्रमच्या बुचाला हवा जायची सोय असते आणि ते बूच बदलून साधं लावलं की ड्रम म्हणजे बॉम्ब.

जवळ जायच्या आधी ड्रमकडे नीट बघा. वरचा पत्रा किंवा प्लास्टिक फुगलंय का, बुचातून सूं आवाज येतोय का, तोंडापाशी बुडबुडे किंवा वाफ दिसतेय का, ड्रमच्या एका पट्ट्यावरचं दव बाकीपेक्षा आधी वाळलंय का, थर्मल कॅमेऱ्यात तो शेजारच्या ड्रमपेक्षा गरम दिसतोय का. यातलं काहीही असेल तर त्याला हलवायचं नाही, बूच सैल करायला जायचं नाही, लोकांना मागे घ्यायचं आणि लांबून, शक्यतो माणूस न ठेवता नोझल बांधून, भरपूर पाणी मारून बाहेरून थंड ठेवायचा. असलं काही नसेल आणि नुसतं सांडलं असेल तर भरपूर पाण्याने पातळ करणं हा बहुतेक वेळा बरा मार्ग, फक्त ते पाणी कुठे जाणार ते आधी ठरवून.

पाणी मारायचं की नाही

बहुतेक ऑक्सिडायझरला पाणी चालतं आणि आग असेल तर पाणीच लागतं, तेही ढिगाने. पण थोडं पाणी आणि खूप पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टीसीसीएवर थोडंसं पाणी पडलं की तो गरम होतो, क्लोरीन सोडतो, आणि त्यात नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचं स्फोटक तयार होऊ शकतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉन्यर्स गावी पूल केमिकलच्या गोदामात स्प्रिंकलरचं पाणी असल्याच मालावर पडलं आणि पुढे १७ हजारांच्या आसपास लोकांना घरं सोडून जावं लागलं, त्याहून कितीतरी जास्त लोक दारंखिडक्या बंद करून घरात बसले. त्यामुळे या मालावर पाणी मारायचं तर बुडवून टाकेल इतकं मारायचं, नाहीतर एक थेंबही नाही, आणि फुटक्या ड्रमच्या आत पाणी जाईल असं कधीच मारायचं नाही.

सोडियम पेरॉक्साइड, पोटॅशियम पेरॉक्साइड हे गाइड १४४ वाले, पाणी लागलं की उष्णता आणि ऑक्सिजन सोडतात. त्यांच्या सांड्यावर पाणी नाही.

पाचवी पायरी: आग लागली तर

पावडरचा एक्स्टिंग्विशर आणि फोम बाजूला ठेवा, कारण फोम झाकून, हवा तोडून विझवतो आणि इथे हवेची गरजच नाही, आणि पावडरचाही इथे भरवसा नाही. कार्बन डायऑक्साइडचाही फार उपयोग नाही. एबीसी पावडरमध्ये अमोनियमचं फॉस्फेट असतं, ते पूलच्या क्लोरीनवर मारणं तर सरळ धोक्याचं. पाणी, लांबून, भरपूर.

झाकून आग विझत नाही याचा सगळ्यात महाग धडा टेक्सास सिटीचा. १६ एप्रिल १९४७, बंदरात ग्रँडकॅम्प नावाचं जहाज, पोटात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट, सकाळी मालात धूर दिसला. पाण्याने माल खराब होईल म्हणून कॅप्टनने झाकणं बंद करून आत वाफ सोडायला लावली, तेव्हाच्या हिशेबाने ती बरोबर रीत होती. पण अमोनियम नायट्रेटला हवेची गरज नव्हती, वाफेने त्याला उष्णता दिली आणि बंद झाकणांनी वायू कोंडला. साडेनऊ वाजायच्या आत जहाज फुटलं. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात २८ जण होते, त्यातले २७ गेले. एकूण मृतांचा आकडा ५८१ सांगतात.

अमोनियम नायट्रेट साधारण १७० अंशाला वितळतं आणि २१० च्या पुढे भराभर बिघडायला लागतं, तपकिरी-नारिंगी धूर दिसतो तो त्याचाच. तुम्ही पोचलात तेव्हा आग अजून ट्रकच्या टायरला किंवा केबिनलाच आहे आणि माल गरम झालेला नाही, तर लगेच आणि जोरात पाणी मारून ती मालापर्यंत जाऊ न देणं हे काम असू शकतं, तेही अधिकारी म्हणाला तरच. आग मालाला भिडली असेल, तपकिरी धूर असेल, किंवा किती वेळ जळतंय हेच कोणाला सांगता येत नसेल, तर लढायचं नाही. लोकं हलवायची आणि आपणही जायचं. गरम झालेला ट्रक ओढून बाजूला न्यायचा प्रयत्न करायचा नाही.

वेळ किती मिळतो? टेक्सासमध्येच वेस्ट नावाच्या गावात १७ एप्रिल २०१३ ला खताच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी आल्यापासून स्फोट व्हायला वीसेक मिनिटं लागली, १५ लोक गेले, त्यातले १२ मदतीला धावलेले होते. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये सुमारे ५० टन अमोनियम नायट्रेट नेणारा ट्रक पुलाजवळ उलटून पेटला आणि फुटला, पूल गेला, जवान आणि पोलीस जखमी झाले, पण एकही जीव गेला नाही. बैरुतला ४ ऑगस्ट २०२० ला गोदामात आग लागल्याची वर्दी म्हणून १० जणांची टीम गेली, आत २,७५० टन अमोनियम नायट्रेट आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दहाच्या दहा गेले. आत काय आहे हे कळत नसेल तर तेच मोठं कारण आहे लांब थांबायचं, मागे कोणी कितीही ओरडत असलं तरी.

द्रव ऑक्सिजनबद्दल दोन गोष्टी

हा वायूच्या वर्गात येतो पण वागतो ऑक्सिडायझरसारखाच, म्हणून इथेच सांगतो. उणे १८३ अंशाला उकळतो आणि एका लिटरचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. डांबरी रस्त्यावर सांडला तर त्यावर पाय ठेवायचा नाही, गाडी न्यायची नाही, काही टाकायचं नाही, डांबरात भिजलेला द्रव ऑक्सिजन धक्क्याने फुटू शकतो. पांढरं धुकं पूर्ण जाऊन वर थोडा वेळ जाईपर्यंत तसंच सोडून द्यायचं. त्या धुक्यातून कोणी चालत आला असेल तर त्याचे कपडे ऑक्सिजनने भरलेले असतात, अर्धा तास तरी मोकळ्या हवेत उभा करायचा, सिगारेट, इंजिन, ठिणगी यापासून लांब, आणि त्याला थंडी वाजते म्हणून शेकोटीपाशी नेऊ नका.

सहावी पायरी: धुणं

हे काम संपल्यावरचं म्हणून कंटाळा करतात. ऑक्सिडायझरने भिजलेले कपडे ओले असेपर्यंत बहुतेक वेळा काही करत नाहीत, वाळले की पेट घेऊ शकतात. क्लोरेट लागलेली पँट सुकल्यावर नुसती घासली गेली तरी पेटू शकते. म्हणून बाहेर आलेल्या माणसाला बीए सेट तसाच ठेवून आधी भरपूर पाण्याने डोक्यापासून खाली धुवायचं, मग कपडे काढायचे, आणि ते कपडे ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर काय लागलंय ते लिहून. केबिनमध्ये सीटखाली टाकायचे नाहीत. बुटांच्या तळव्याच्या खाचा काडीने उकरू नका, पाण्यानेच काढा. चामड्याच्या वस्तू, दोरखंड, सुती पट्टे यांत मुरलेलं निघत नाही, ते टाकून द्यायचे.

डोळ्यात किंवा अंगावर गेलं तर निदान २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून, कारण जळजळ थांबली की माणूस आपण होऊन बाजूला होतो. तपकिरी वायू किंवा क्लोरीन छातीत गेला असेल तर आत्ता बरं वाटतंय याला काही अर्थ नाही. फुफ्फुसात पाणी भरायला काही तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. अशा माणसाला घरी सोडायचं नाही, डॉक्टरकडेच न्यायचं आणि नेमकं कोणतं केमिकल ते कागदावर लिहून सोबत द्यायचं.

आणि निघायच्या आधी लाकडाकडे पुन्हा एकदा बघा. पॅलेट, फळ्या, दाराची चौकट, पोत्यांची थप्पी, जे जे त्या पाण्याने भिजलं ते वाळल्यावर पुन्हा पेटायला तयार असतं, तुम्ही गेल्यावर, रात्री, कोणी नसताना. पाणी उडून जातं, आत मुरलेले स्फटिक तिथेच राहतात. शक्य असेल ते बाहेर काढून उघड्यावर ओलं ठेवायचं, जे काढता येत नाही त्याची यादी करायची, जागा, काय भिजलं, कशाने, किती वाजता, आणि जागा ज्याच्या ताब्यात देताय त्याची सही घेऊन एक प्रत त्याला, एक स्टेशनला. गोळा केलेल्या डब्यांवर नाव आणि यूएन नंबर लिहिलाय का, झाकणं नुसती टेकवलेली आहेत का, डबे उन्हात किंवा लाकडी फळीवर ठेवलेले नाहीत ना, ते शेवटचं बघायचं, आणि बंबाचे टायर धुतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.